गरुड बघायला निघण्याआधी भरतीची वेळ काढा

तारीख ठरवताना रविवार बघू नका, तिथी बघा. ठाणे खाडीत घरच्यांना घेऊन गरुड बघायला जायचं तर सगळी तयारी याच एका गोष्टीवर उभी आहे, आणि मागच्या वेळी आमची नेमकी तीच राहिली. दुर्बीण होती, थर्मास होता, टोप्या होत्या. नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या धक्क्यावर पाणी नव्हतं. होड्या गाळात टेकलेल्या आणि पुढची भरती थेट संध्याकाळी. तेव्हा खालची बाकी यादी वाचा किंवा राहू द्या, पण भरतीची वेळ आधी काढा.

कालनिर्णय भिंतीवर असतंच. कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, म्हणजे बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. चतुर्दशीला साडेदहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. रोज भरती पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. हा हिशेब ढोबळ आहे आणि खाडीत आतपर्यंत पाणी चढायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून मोबाइलवरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक ताडून बघा. शेवटी होडीचं बुकिंग जिथे कराल तिथे फोन करून विचारा, "त्या दिवशी होडी किती वाजता सुटेल?" जागा आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता भरती कोणती निवडायची? इथे पक्षी बघायला जाणारे बहुतेक जण चुकीच्या सल्ल्यावर चालतात. पहाटे साडेपाचला उठा, उजाडायच्या आत पोचा, हे बाकी पक्ष्यांसाठी ठीक आहे. गरुडाचं तसं नाही. अंग जड, पंख रुंद, त्यामुळे नुसते पंख मारत उंच चढणं त्याला परवडत नाही. ऊन तापून जमिनीवरची गरम हवा वर जायला लागली की तिच्यावर स्वार होऊन तो घिरट्या घेत चढतो. ही हवा थंडीत साधारण नऊ-साडेनऊनंतर धरते. दहा ते बारा हा गरुडाचा वेळ. मुलांना आणि आजी-आजोबांना पहाटे उठवायचं कारणच नाही, आणि घरची सगळी मंडळी बरोबर असताना ही केवढी मोठी सोय आहे!

म्हणजे दोन गोष्टी जुळायला हव्यात: दहा-अकराचं ऊन आणि दहा-अकराची भरती. पाऊणपट करून बघा, उत्तर त्रयोदशी ते पौर्णिमा-अमावास्या एवढंच येतं. या तिथींना शनिवार-रविवार महिन्यात एखाद-दुसराच मिळतो. तोच धरा. लग्न असलं, बारसं असलं तर पुढच्या महिन्यात जा. पण सप्तमी-अष्टमीच्या रविवारी "बघू, काहीतरी दिसेलच" म्हणून निघू नका. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी मुळात कमी चढतं, आणि दुपारी बाराला समोर नुसता चिखल असतो.

मोसम नोव्हेंबर ते मार्चची सुरुवात. खाडीतला खरा पाहुणा म्हणजे मोठा ठिपकेदार गरुड. पूर्व युरोप ते सायबेरियाच्या पट्ट्यात तो वीण करतो आणि थंडीला आपल्याकडच्या पाणथळीत येतो. जगात त्याची संख्या घटते आहे. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो 'असुरक्षित' गटात आहे. असा पक्षी ऐरोलीच्या खारफुटीवर बसलेला मुलांना दाखवता येतो, यासाठी खटपट करायला मला तरी कधी कंटाळा येत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुरकं असतं, हेही उशिरा जाण्याचं एक कारण.

जागा: ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, सुमारे १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून जास्त खारफुटी. २०२२ मध्ये ठाणे खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. सगळे येतात ते फ्लेमिंगोसाठी, आणि होडीही त्यांच्याच थव्यांकडे वळते. म्हणून चढतानाच सांगून ठेवा की आम्हाला शिकारी पक्षी बघायचे आहेत. खाडीवर वाढलेल्या माणसाची नजर आपल्या दुर्बिणीपेक्षा तयार असते. कुठल्या टॉवरवर काय बसतं हे त्यांना ठाऊक असतं. आपण फक्त बघायचं कुठे ते लक्षात ठेवायचं: खारफुटीचे शेंडे, वाळकी झाडं, पाण्यात रोवलेले खांब, उच्च दाबाच्या तारांचे टॉवर. मग आकाश. ऐरोली खाडीच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी पश्चिमेकडे बघताना सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्याचा रंग दिसतो. भांडुपच्या काठावरून त्याच वेळी पाण्याकडे बघाल तर ऊन डोळ्यांवर आणि पक्षी नुसता काळा.

भरतीचं आणखी एक कारण, ते गुडघ्यांचं. पाणी भरलेलं असेल तर होडी धक्क्याच्या पातळीला येते आणि आई-वडील हात धरून सहज चढतात. पाणी उतरलेलं असेल तर तीच होडी खाली, मधे शेवाळलेल्या पायऱ्या. बरोबर ज्येष्ठ असतील तर भरतीच्या अर्धा तास आधीची फेरी मागा, म्हणजे उतरतानाही पाणी मिळेल.

मुलांना घरीच दोन गोष्टी शिकवून ठेवा. एक, वर फिरणारं प्रत्येक मोठं पाखरू गरुड नसतं. शेपटीला मधे खाच असेल तर ती आपली घार. अंग विटकरी, डोकं-छाती पांढरी, तर ब्राह्मणी घार, खाडीवर सतत दिसते. खारफुटीच्या नाहीतर गवताच्या डोक्यावरून पंख किंचित वर उचलून संथ तरंगत जाणारा तो दलदली भोवत्या. खालून पांढरा, डोळ्यावरून काळी पट्टी आणि पाण्यात पाय पुढे करून सूर मारणारा तो कैकर. तो गरुड नव्हे, पण त्याने मासा उचललेला दिसला तर सहल तिथेच वसूल झाली. ठिपकेदार गरुड गडद तपकिरी, जवळजवळ काळा, शेपूट आखूड, पंख फळीसारखे रुंद आणि टोकाला बोटं पसरल्यासारखी पिसं. नावातले पांढरे ठिपके लहान वयाच्या पक्ष्यावर असतात, मोठ्यावर शोधत बसू नका. दुसरी गोष्ट: चिखलावरचे छोटे पाणपक्षी एकदम सगळेच्या सगळे उडाले तर त्यांच्याकडे बघायचं नाही, त्यांच्या वर बघायचं. त्यांना कुणीतरी उडवलेलं असतं.

दुर्बीण आठपटीची, ८×४० किंवा ८×४२. दहापटीची होडीत हलते, मुलांना तर काहीच दिसत नाही. दोघांत एक तरी हवी, नाहीतर गरुड निघून जाईपर्यंत भांडण चालतं. पट्टा गळ्यात. घरून निघण्याआधी मुलांना समोरच्या इमारतीवरच्या कबुतरावर सराव द्या, हे टाळू नका. टोपी, पाणी, डास पळवणारं मलम. लाइफ जॅकेट लहान मापाचं आहे का ते बुकिंगच्या वेळीच विचारा. होडीत उभं राहायचं नाही, एका बाजूला सगळ्यांनी झुकायचं नाही, आणि चढण्याआधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन यायचं, मधे सोय नाही. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. ड्रोन अजिबात नाही.

लोकलने येणार असाल तर आदल्या दिवशी ट्रान्सहार्बरचा मेगाब्लॉक बघा. रविवारी ठाणे-वाशी गाड्या बंद असल्या आणि तुम्ही अर्धा तास उशिरा पोचलात तर होडी थांबत नाही. तिला थांबता येत नाही, पाणी उतरायला लागलेलं असतं. पुन्हा तेच सांगतो: वेळ पाण्याची असते.

होडी नको असेल तर नेरूळला टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ. तिथे हिशेब जरा वेगळा, पण हिशेब आहेच. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात पांगतात, दुर्बिणीतूनही ठिपके. पाणी चढायला लागलं की ते काठाकडे सरकतात आणि त्यांच्यामागे भोवत्या, गरुड येतात. म्हणून भरतीच्या दीड-दोन तास आधी पोचा. सावली नाही, स्वच्छतागृह नाही, हे घरच्यांना आधीच सांगा. कुत्र्यांना खाऊ घालू नका, ती पक्ष्यांवर धावतात.

भरती जुळतच नसेल तर डोंगर धरा. ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलात सर्पगरुड आहे आणि तो बाराही महिने इथलाच. नऊ-दहाला हवा तापली की वर चढतो आणि ओरडतो, एक लांब शीळ आणि मागोमाग दोन-तीन तुकडे. आधी कानाने सापडतो, मग डोळ्याने. पंखाखालून रुंद पांढरा पट्टा आणि शेपटीवर तसाच एक, ही खूण पक्की. झाडीत आत शिरण्यापेक्षा जिथून दरीवरचं मोकळं आकाश दिसतं अशा जागी एक तास बसा. जंगलात जायचं तर नाक्यावर विचारून, परवानगी घेऊन. वायुदलाच्या हद्दीकडे कॅमेरा नको. रविवारी गाड्यांची गर्दी, शनिवार बरा.

कर्नाळा पनवेलच्या पुढे, मुंबई-गोवा महामार्गालगत. सर्पगरुड इथेही. लहान मुलं असतील तर खालच्या पायवाटाच पुरे, किल्ल्यावर चढू नका. सुळक्याला आग्या मोहोळं असतात, तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. डबा स्टीलचा न्या. गेटवर पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात. पावती जपून ठेवा आणि बाटल्या परत दाखवून पैसे घ्या.