चार कुंड्या, एक खुरपं आणि सकाळची पंधरा मिनिटं

बाग करायचं ठरलं की माणूस आधी नर्सरीत धावतो. तसं करू नका. तिथे फुललेला गुलाब बघून भुरळ पडते, आपण सहा रोपं उचलून आणतो, महिन्याभरात त्यातली चार वाळतात आणि मन शांत व्हायचं सोडून उलट रुखरुख लागते. पहिल्या रविवारी एक पैसाही खर्च करायचा नाही. फक्त ऊन बघायचं.

सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार, अशा तिन्ही वेळा बाल्कनीत ऊन कुठवर येतं तिथे खडूने फरशीवर रेघ मारा. चार-पाच तास ऊन असेल तर मोगरा, तुळस, मिरची खुशाल लावा. दोन-तीन तासच असेल तर पुदिना आणि ओव्याचं झाड. मेथीही चालून जाते. थेट ऊन येतच नसेल तर मनीप्लांट, आणि मोगऱ्याचा हट्ट सोडून द्या. पानं भरपूर येतील, कळी काही धरणार नाही. आणखी एक गंमत: दक्षिणेकडच्या बाल्कनीत जानेवारीत पार दारापर्यंत आलेलं ऊन मे महिन्यात कठड्यापाशीच थांबतं. तेव्हा ती रेघ दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मारायची.

आता माती. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, मुळं जाळेल. जुनी चादर अंथरा, मांडी घाला आणि हातानेच कालवा. मूठभर ओलसर मिश्रण दाबलं की लाडू वळला पाहिजे आणि टिचकी मारली की तो फुटला पाहिजे. फुटला नाही तर माती चिकण आहे, कोकोपीट वाढवा. हाताला जखम असेल तेवढी झाकून घ्या. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग माती. काठापासून दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर पाणी घातलं की माती फरशीवर येते आणि घरातल्यांचा विरोध तिथूनच सुरू होतो. पहिलं पाणी घातल्यावर जो वास येतो तो पहिल्या पावसाचाच. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा.

सुरुवात मेथीने करा. बी डब्यात असतंच. चमचाभर मेथ्या रात्री भिजत घाला, सकाळी पसरट कुंडीत किंवा फुटक्या टबात विखरा, वर अर्ध्या पेराइतकी माती. दोन-तीन दिवसांत मातीला बारीक भेगा पडतात. त्या दिवशी वाकून बघा. पांढरट कोंब कमरेत वाकलेला असतो, मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन सरळ व्हायला बघत असतो. एखाद्याच्या डोक्यावर दाण्याचं साल टोपीसारखं अडकलेलं. दुपारपर्यंत ती टोपी पडते. मी चहा गार होईपर्यंत हे बघत बसले आहे, आणि त्या वेळात ऑफिसचं काही आठवलं नव्हतं.

यालाही थोडा आधार आहे. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात बागकाम करणाऱ्या 30 जणांना आधी मुद्दाम ताण येईल असं काम दिलं, मग निम्म्यांना अर्धा तास बागेत पाठवलं, निम्म्यांना आत वाचत बसवलं. 2011 साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा: कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, दोन्हीकडे उतरलं, पण बागेत जास्त, आणि मूडही बागवाल्यांचाच पुरता सावरला. प्रयोग लहान होता, हेही खरं. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल तर डॉक्टरांकडे जायचं. कुंडी म्हणजे औषध नव्हे.

पाण्याचा नेम घालू नका. बोट मातीत दोन पेरं खुपसा. ओलं लागलं तर आज पाणी नाही. माझी पहिली तुळस मी पाण्यानेच मारली. पानं मलूल दिसली की आणखी एक तांब्या. शेवटी उपटली तर मुळं काळी पडलेली, साल बोटाला चिकटून येत होती. कुंडीखालच्या ताटल्या मात्र दर आठवड्याला रिकाम्या करून घासा, पावसाळ्यात तर काढूनच ठेवा. डेंगीचा डास तेवढ्याशा पाण्यातही वाढतो.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. जास्वंदीवर हमखास येतो. आधी जुन्या ब्रशने पुसा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब भांडी घासायचं लिक्विड घालून संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

रोज पंधरा मिनिटं पुरतात, फक्त फोन आत राहू द्या. फोटो काढायला म्हणून नेलात की संपलं.

मेथी तीन-चार आठवड्यांत काढायला येते. मुळासकट उपटू नका, मातीपासून दोन बोटं वर कात्रीने कापा. पुन्हा थोडी फुटते. गावाला जायचं असेल तर कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवा आणि शेजारी किल्ली द्या. आम्ही गेल्या दिवाळीत तसंच केलं होतं. परतलो तर टब भादरलेला, आणि शेजारच्या काकू दारात डबा घेऊन उभ्या: "जून होत चालली होती गं, म्हणून कापली. घे, तुमच्या वाटणीचे चार ठेपले ठेवलेत."