आयुष्यभर तेच करतेय, मॅडम

मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या मुलामुलींचा हल्ली ठरलेला प्रश्न असतो, "ताई, ॲक्ट शिकायचंय, कोर्स कुठला करू?" ॲक्ट म्हणजे ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी: नकोशा विचार-भावनांशी न झगडता आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या दिशेने चालायला शिकवणारी मानसोपचार पद्धत. कोर्सचं सांगतेच, पण आधी माझी फजिती ऐका.

डोंबिवलीत थेरपिस्ट म्हणून काम सुरू करून वर्षही झालं नव्हतं. समोर चाळिशीच्या एक बाई. छातीत धडधड, रात्र रात्र झोप नाही, आणि फारच असह्य झालं की स्वतःला इजा करून घेणं. (ओळख पटेल असं सगळं इथे बदललंय.) मी नुकतीच कार्यशाळा करून आले होते, वहीत ॲक्टच्या सहा प्रक्रियांचा षटकोन रंगीत पेनांनी काढलेला. उत्साहाने म्हटलं, "ही अस्वस्थता आहे तशी स्वीकारून बघू या का?"

त्यांनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "आयुष्यभर तेच करतेय, मॅडम."

पुढे काय बोलावं ते मला सुचेना. स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून अमेरिकेत ही पद्धत बांधत नेली, पण मराठीत 'स्वीकार' म्हटलं की बाईमाणसाला ऐकू येतं 'निमूट सोस'. थेरपीतला स्वीकार आतल्या गोष्टींचा असतो: भीती, लाज, छातीवरचं ओझं. घरातल्या मारहाणीचा नाही, साहेबाच्या छळाचा नाही. तिथे उलट पाऊल उचलायचं असतं. हा फरक तुम्ही पहिल्याच भेटीत स्पष्ट केला नाहीत, तर तुमची थेरपी आणि सासूबाईंचा उपदेश यांत फरक उरत नाही. पहिल्या तीन-चार सत्रांत मी तो शब्द आता उच्चारतही नाही.

उदाहरणांचंही तेच. पुस्तकात बसचा दाखला असतो: ड्रायव्हर तुम्ही, मागचे प्रवासी म्हणजे विचार, ते कितीही ओरडले तरी गाडी तुमच्या रस्त्याने न्यायची. त्या बसच्या जागी मी आपली एस.टी. उभी केली. समोरचा तरुण शांतपणे म्हणाला, "पण एस.टी. कंडक्टरच्या बेलवर थांबते ना?" आता काय बोलणार! शेवटी नकोशा विचारासाठी लोकलमधली चौथी सीट कामाला आली. तिघं बसलेत, चौथा येऊन "जरा सरका" म्हणतो. तो आपल्याला आवडलेला नसतो, पण आपण चार बोटं सरकतो, आणि गाडी काही तेवढ्यासाठी थांबत नाही. इथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

स्वतःला इजा करण्याबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. त्या माणसाला त्याने क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, म्हणूनच तो पुन्हा तिकडे वळतो. नको असलेल्या भावनेपासून पळण्याचीच ती एक वाट आहे. त्यामुळे रागावून, शपथा घालून काही होत नाही. मी एकदा "वचन द्या" म्हटलं होतं. वचन मिळालं, आणि पुढच्या दोन भेटी रद्द झाल्या. किम ग्रॅट्झ यांनी स्वतःला इजा करणाऱ्या स्त्रियांसाठी १४ आठवड्यांचा गट-उपचार आखला, तोही याच समजुतीवर: भावना दाबायची नाही, तिला नाव द्यायचं, ती असतानाच आपलं वागणं हातात ठेवायचं. मात्र चिंतेसाठी ॲक्टला जितका संशोधनाचा आधार आहे, तितका स्व-इजेसाठी नाही. तिथे मार्शा लिनेहान यांच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या पद्धतीचा पाया जास्त भक्कम आहे, तीही शिका.

आपल्याकडे बरेच जण अल्बर्ट एलिस वाचून, कि. मो. फडक्यांच्या विवेकनिष्ठ परंपरेतून, म्हणजे अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारातून येतात. मीही तशीच आले. विचार दिसला की त्याची उलटतपासणी करायचा हात शिवशिवतो. ॲक्टमध्ये तो आवरावा लागतो. त्या बाईंचा स्वतःबद्दलचा शब्द होता 'नालायक'. त्या नालायक नाहीत हे मी पुराव्यानिशी सिद्ध करत बसले नाही. दोघींनी मिळून तो शब्द अर्धा मिनिट भराभर म्हटला. नालायकनालायकनालायक... थोड्या वेळाने कानाला 'लायकना, लायकना' ऐकू यायला लागलं. त्या हसल्या, मग रडल्या. पण हे आठव्या भेटीत. पहिल्या भेटीत केलं असतं तर ती थट्टा झाली असती.

ॲक्टमधला 'मूल्यं' हा शब्दही जपून वापरायचा. "तुमची मूल्यं कोणती?" विचारलं की शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासासारखं 'वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा' असं घडाघडा उत्तर येतं. "ही धडधड नसती तर उद्या सकाळी काय केलं असतंत?" असं विचारा. बाई म्हणाल्या, माहेरच्या भाचीला पोहायला घेऊन गेले असते. पुढची सगळी सत्रं आम्ही त्या तलावाच्या दिशेनेच चाललो. हातावरच्या खुणा दिसण्याचा, अर्ध्या बाह्यांचा प्रश्न तर होताच.

आता तुमचा कोर्स. ॲक्ट करायला वेगळा परवाना नसतो, या पद्धतीची जागतिक संघटना थेरपिस्टना प्रमाणपत्र देतच नाही. तेव्हा दोन दिवसांत 'सर्टिफाइड' करणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. ते सुपरव्हिजनवर, म्हणजे अनुभवी थेरपिस्टला आपलं काम दाखवून शिकण्यावर घाला. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. औषधांचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञाचा, त्यांच्याशी ओळख आधीपासून हवी, अडचण आल्यावर नंबर शोधणं बरं नव्हे.

मरणाचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. सुरुवातीला माझा आवाज अडायचा, म्हणून आरशासमोर म्हणून पाहायची. गोपनीयता कुठे संपते हेही पहिल्या दिवशी सांगायचं, जिवाला धोका झाल्यावर नव्हे. सुरक्षेचा आराखडा दोघांनी बसून, त्यांच्याच शब्दांत, कागदावर लिहायचा: चाहूल कशी लागते, कुणाला फोन, घरात काय दूर ठेवायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यात असतोच, चोवीस तास चालतो.

आणि अशा व्यक्तीला शनिवारी संध्याकाळची शेवटची वेळ देऊ नका. मी दिली होती. रविवारी डॉक्टरांची ओपीडी बंद, सुपरव्हायजर गावाला, आणि मी दिवसभर फोन हातात धरून बसलेली. सोमवारी सकाळी बाईंचा मेसेज आला, "काल बरं होतं. तुम्ही कशा आहात?"