पावसाळ्यातील घरची झाडे: आधी कुंडीखालची बशी काढा

मृग नक्षत्र 7 किंवा 8 जूनला लागते. त्याआधी घरातील, पडवीतील आणि गॅलरीतील प्रत्येक कुंडी उचलून तिच्या खाली पाहावे, खालची बशी काढून घ्यावी आणि तळाचे छिद्र मोकळे आहे याची खात्री करून घ्यावी. खत, औषध, नवी माती ही सगळी कामे त्यानंतर. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील घरांत पावसाळ्यात मेलेली जी झाडे मला आजवर दाखवण्यात आली, त्यांतील बहुतेक किडीमुळे गेलेली नव्हती. बशीत साचलेल्या पाण्यात मुळे बुडून ती गेली होती.

झाड घरात आहे, त्यावर पाऊस पडत नाही, मग पाणी साचेल कसे, असा प्रश्न हमखास विचारला जातो. कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी 2800 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हवा सतत दमट राहते आणि आभाळ भरलेले असल्यामुळे घरात उजेडही कमी येतो. अशा हवेत पानांतून पाणी उडून जाण्याचे प्रमाण फार घटते. मे महिन्यात जी कुंडी दिवसाला एक तांब्या पाणी पिऊन टाकत होती, तिला जुलैमध्ये तेवढे पाणी आठवडाभर पुरते. पाणी घालण्याची सवय मात्र मे महिन्याचीच राहते. जास्तीचे पाणी बशीत उतरते, बशीतून पुन्हा मातीत चढते, मातीतील हवेची जागा पाणी घेते आणि हवेअभावी मुळे गुदमरून कुजू लागतात. मूळकूज करणाऱ्या बुरशीला याहून सोयीची जागा मिळणार नाही.

यातील सर्वांत फसवी गोष्ट अशी की मुळे कुजलेल्या झाडाची पाने तहानलेल्या झाडासारखीच मान टाकतात. गुहागरच्या एका घरी पडवीत ओळीने मांडलेल्या चौदा कुंड्यांपैकी अकरा झाडे अशी गेली. घरातील काकूंनी पाने मलूल दिसताच पाणी वाढवले, नंतर दुकानदाराच्या सांगण्यावरून मुळे वाढवणाऱ्या औषधाची महागडी बाटली आणून तीही ओतली. मी त्यांतील अग्लोनिमा हे शोभेच्या पानांचे एक झाड कुंडीतून उपसून पाहिले, तेव्हा मातीला आंबूस वास येत होता आणि मूळ बोटांच्या चिमटीत धरताच वरची साल मोज्यासारखी सरकून हातात आली, आत राहिला तो केवळ दोऱ्याएवढा तंतू. बशीत दोन बोटे पाणी होते आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. म्हणून पान मलूल दिसले, तर झारी उचलण्याआधी मातीत बोट घालावे. माती ओली असून पान मलूल असेल, तर तो मूळकुजीचा इशारा आहे आणि त्या कुंडीत एक थेंबही पाणी घालू नये.

ओल तपासण्यासाठी बाजारात सुयांची यंत्रे मिळतात. ती घेऊ नयेत. स्वस्तातील यंत्रे मातीतील क्षारांमुळे चुकीचा आकडा दाखवतात आणि आपल्या खाऱ्या हवेत त्यांच्या सुया लवकर गंजतात. माडाच्या झावळीचा एक जाडसर हीर, म्हणजे पात्याची मधली काडी, पुरेसा आहे. तो कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसावा, दहा मिनिटे राहू द्यावा आणि ओढून पाहावा. खालच्या अर्ध्या भागाला ओली माती चिकटून आली, तर पाणी देऊ नये. मातीच्या कुंडीवर बोटाच्या पेराने टिचकी मारल्यास कोरडी कुंडी खणखणते आणि ओली कुंडी बद्द वाजते, हा जुन्या माळ्यांचा ठोकताळा माझ्या हाताला बहुतेक वेळा खरा ठरलेला आहे. प्लास्टिकच्या कुंडीला मात्र तो लागू पडत नाही. छिद्र मोकळे करण्यासाठी मोडक्या छत्रीची काडी उत्तम. कुंडी आडवी करून ती खालून वर घालावी, कारण वरून दाबल्यास मातीचा गोळा छिद्रात आणखी घट्ट बसतो. आठ इंची कुंडीला करंगळी जाईल एवढी किमान तीन छिद्रे असावीत. बशी काढल्यावर कुंडी थेट लादीवर न ठेवता फुटक्या कौलाच्या तीन तुकड्यांवर ठेवावी, म्हणजे खालून हवा खेळते. लादी खराब होईल म्हणून बशी हवीच असेल, तर कौलाचे तुकडे बशीत मांडून कुंडी त्यांवर ठेवावी आणि पाणी दिल्यानंतर अर्ध्या तासाने बशी रिकामी करावी.

घरात पुढील वस्तू असल्या की पुरे:
माडाचे हीर आणि छत्रीची काडी;
बारीक तोंडाची झारी;
खुरपी;
सिकेटर किंवा धारदार कात्री;
स्पिरिट आणि कापूस;
एक लिटरचा फवारणीचा हातपंप;
काथ्याची दोरी;
सुती फडके;
शिवणयंत्राचे तेल.

कात्रीचे पाते प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावे, कारण कुजलेल्या झाडाचा रोग त्याच पात्यावरून निरोगी झाडात जातो. काम संपल्यावर हत्यारे कोरडी करून त्यांना तेलाचा हात फिरवावा. समुद्रकाठच्या गावांत उघड्यावर राहिलेली सिकेटर एका पावसाळ्यात कामातून जाते.

बिनछिद्राच्या चिनी मातीच्या कुंड्यांबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. त्या दिसायला देखण्या असतात आणि भेट म्हणून फार येतात. पण अशी कुंडी म्हणजे न उचलता येणारी बशीच आहे. झाड प्लास्टिकच्या छिद्रे असलेल्या कुंडीत ठेवून ती आत बसवावी, पाणी देताना बाहेर काढावी आणि पूर्ण निथळल्यावरच परत ठेवावी. तळाशी गोट्यांचा जाड थर घातला की पाण्याचा निचरा होतो, हा समज चुकीचा आहे. माती पाणी धरून ठेवते आणि ओला पट्टा गोट्यांच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ सरकतो. छिद्रावर एक खापरी पालथी ठेवावी, तेवढे पुरे.

माती भरायची असल्यास जांभ्याची लाल माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि नदीची जाडी वाळू किंवा भाताचे तूस एक भाग घ्यावे. किनाऱ्यावरची वाळू धुऊनसुद्धा वापरू नये. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी फार धरते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ते मूठभरच घालावे आणि त्यातील क्षार जाण्यासाठी आधी दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्यावे. मृगाआधी कुंडी बदललेले झाड पावसाळा निभावते आणि आर्द्रात, म्हणजे 21-22 जूननंतर बदललेले बहुधा रडत राहते, असा माझा अनुभव आहे. त्यामागे शास्त्र किती आहे ते बाजूला ठेवून मी स्वतः हा नियम पाळतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ झाल्यामुळे कुंडीच्या कडेला पांढरा थर आला असेल, तर पहिल्या दोन-तीन सरी जाऊ देऊन पागोळीचे पाणी धरावे आणि छिद्र मोकळे केल्यानंतर त्या पाण्याने माती एकदा चांगली धुऊन काढावी. साठवलेल्या पिंपावर फडके घट्ट बांधून ठेवावे.

औषधांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. पाने चमकवणारे फवारे, वाढीची टॉनिके आणि मुळांची संजीवके पावसाळ्यात घरच्या झाडांना लागत नाहीत. कुजणाऱ्या मुळांवर खत ओतणे तर घातकच आहे. माती भरताना ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, 5 ग्रॅम प्रति किलो मिश्रण या प्रमाणात मिसळावी. कूज दिसलीच, तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचे बुरशीनाशक 2.5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून, हातमोजे घालून, मातीत एकदाच द्यावे. मात्र ट्रायकोडर्मा आणि तांब्याचे औषध एकत्र देऊ नये, दोहोंत किमान पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे. पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी कापसासारखी दिसणारी कीड, स्पिरिटच्या बोळ्याने टिपावा, आणि फार पसरला तर निंबोळी तेल 5 मिलि व थोडे साबणाचे पाणी एक लिटरमध्ये मिसळून फवारावे. गोगलगायी रात्री विजेरी घेऊन हाताने वेचाव्यात. त्यांच्यासाठी कुंडीत मीठ टाकू नये आणि ज्या घरात मुले किंवा कुत्रा आहे, तेथे गोगलगायीच्या विषारी गोळ्या आणूच नयेत.

बशीतील पाण्याचा धोका झाडापुरता राहत नाही. डेंगीचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण 7 ते 10 दिवसांत त्यांतून डास तयार होतो. अंडी बशीच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून ठेवलेली प्रत्येक बशी आठवड्यातून एकदा नुसती उपडी न करता काथ्याने घासून कोरडी करावी.

कुजू लागलेले झाड वाचवायचे असल्यास त्याच दिवशी कुंडीतून काढावे, मुळे धुवावीत, मऊ व काळी मुळे स्वच्छ पात्याने कापावीत. कोरफड आणि स्नेक प्लांट दोन दिवस सावलीत सुकवून मग लावावेत. इतर झाडे लगेच लहान कुंडीत, ताज्या मिश्रणात लावावीत आणि नवे पान दिसेपर्यंत खत देऊ नये. मनीप्लांटचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे पाण्याच्या बाटलीत लावून ठेवावेत आणि पाणी दर तीन दिवसांनी बदलावे.

काढलेल्या बशा धुऊन माळ्यावर ठेवाव्यात. घटस्थापनेच्या सुमारास पाऊस ओसरून ऊन तापू लागले आणि हीर तळापर्यंत कोरडा येऊ लागला, म्हणजे त्या पुन्हा खाली उतरवाव्यात.