प्रिव्ह्यूतली टाळी कशी वाचायची: जुन्या नृत्य-म्युझिकलच्या नव्या निर्मितीत पहिलं काम करणाऱ्यांसाठी

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर जुनं नृत्यप्रधान म्युझिकल नव्याने उभं राहतं, तेव्हा शुभारंभाआधी काही आठवडे तिकीट लावूनच प्रिव्ह्यू, म्हणजे प्रेक्षकांसमोरचे चाचणी-प्रयोग, होतात. नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसीच्या 'डान्सिन'च्या नव्या निर्मितीचे प्रिव्ह्यू म्युझिक बॉक्स थिएटरात २ मार्च २०२३ ला सुरू झाले आणि १९ मार्चला शुभारंभ झाला, म्हणजे जेमतेम अडीच आठवडे. २००१ च्या 'फॉर्टी सेकंड स्ट्रीट'ला ४ एप्रिल ते २ मे असे चार आठवडे मिळाले. 'वेस्ट साइड स्टोरी' नव्या रूपात १० डिसेंबर २०१९ ला प्रेक्षकांसमोर आलं. मुख्य नटाच्या गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याचा शुभारंभ ६ फेब्रुवारीवरून २० फेब्रुवारी २०२० वर गेला. या काळात रात्री प्रयोग आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चार-पाच तास तालीम, असं चक्र चालतं. दुपारी बदललेलं रात्री लगेच प्रेक्षकांपुढे येतं.

नृत्यदिग्दर्शकाच्या किंवा दिग्दर्शकाच्या हाताखाली नव्याने लागलेल्याला या दिवसांत हमखास सांगितलं जातं, 'मागे बस आणि प्रेक्षक बघ.' बघायचं म्हणजे नेमकं काय, हे सांगायला कुणाला वेळ नसतो.

पहिली गोष्ट म्हणजे शेवटच्या उभ्या टाळीवर विसंबू नका. ब्रॉडवेवर आता जवळपास प्रत्येक प्रयोगाला लोक उभे राहतात. महागडं तिकीट काढून आलेला माणूस आपली संध्याकाळ वाया गेली असं मान्य करायला सहसा तयार नसतो. पहिल्या प्रिव्ह्यूची दाद तर त्याहून फसवी. त्या रात्री कलाकारांचे मित्र, नाट्यशाळांतले विद्यार्थी आणि मूळ निर्मितीवर जीव टाकणारे जुने रसिक भरलेले असतात. बुधवारच्या दुपारच्या खेळाला हेच नाटक पाहणारं प्रेक्षागृह पार वेगळं असतं. बऱ्याच जणांनी टाइम्स स्क्वेअरच्या टीकेटीएस या सवलतीच्या तिकीट-खिडकीवरून निम्म्या दरात तिकीट घेतलेलं असतं आणि नाटकाचं नावही त्यांनी सकाळीच ऐकलेलं असतं. पहिली शनिवारची रात्र आणि पहिली बुधवारची दुपार यांच्या नोंदी शेजारी ठेवा. दोन्हीकडे एकाच जागी जे घडतं तेवढंच नाटकाचं, बाकीचं त्या त्या गर्दीचं.

जुन्या नाटकाच्या बाबतीत हा फरक जास्तच जाणवतो, कारण प्रेक्षक डोक्यात एक चित्र घेऊन येतो. 'फॉर्टी सेकंड स्ट्रीट'चा पडदा सुरुवातीला गुडघ्यापर्यंतच वर जातो आणि बुटांचा ताल वाजवत नाचणारे, म्हणजे टॅप करणारे, नुसते पाय दिसतात. तिथे येणारी टाळी निम्मी पायांना आणि निम्मी आठवणीला असते. तिचा आनंद घ्या, पण वहीत तिला 'आ' लिहा, म्हणजे आठवणीची. पुढे तीच माणसं एखाद्या अनोळखी नाचाला टाळी देतात तिला 'न' लिहा, म्हणजे नवी. पाच-सहा प्रयोगांनंतर वहीत 'आ' भरपूर आणि 'न' तुरळक दिसले, तर नाटक जुन्या पुण्याईवर चाललंय, आणि जुने रसिक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओसरतात.

उलटही घडतं. 'वेस्ट साइड स्टोरी'च्या त्या निर्मितीत जेरोम रॉबिन्सच्या १९५७ च्या नृत्यरचनेऐवजी आन टेरेसा दे केयर्समेकर यांची नवी रचना होती, 'आय फील प्रिटी' गाळलं होतं, मध्यंतर काढून नाटक पावणेदोन तासांवर आणलं होतं आणि मागे भव्य व्हिडिओ पडदा होता. अशा वेळी ओळखीची जागा येऊनही हालचाल वेगळी निघाली की प्रेक्षागृहात एक थबकलेली शांतता पसरते. ही नापसंतीच असते असं नाही, बहुतेकदा तो जुळवून घेण्याचा वेळ असतो. पुढच्या सोळा काउंटांत, म्हणजे नाचाच्या सोळा ठोक्यांत, डोकी स्थिर राहिली तर प्रेक्षक तुमच्याबरोबर आलाय. चुळबुळ सुरू झाली तर नाही. मोठा व्हिडिओ असेल तर माना कुठे वळतात तेही लिहा. नर्तक डावीकडे आणि पाचशे माना वर पडद्याकडे, असं दिसलं तर नाचावर कितीही मेहनत घेतली तरी तिथे टाळी येणार नाही.

वहीत काय लिहायचं

साधन म्हणून गाण्यांच्या क्रमाची एक छापील यादी, पेन्सिल आणि आवाज न करणारं स्टॉपवॉच पुरे. फोन नको. त्याचा उजेड चार रांगा मागून दिसतो आणि प्रेक्षक तुमच्याकडे बघायला लागतो. प्रत्येक प्रयोगाला नवं पान घ्या. वर तारीख, दुपार की रात्र, अंदाजे किती भरलं आणि पडदा खरा किती वाजता वर गेला, हे लिहा. सातचा प्रयोग सात वाजून पाच-सात मिनिटांनी सुरू होतो, त्यामुळे जाहीर वेळ धरून काढलेला हिशेब चुकतो.

नोंद अशी असावी: 'अंक १, गाणं ४, दुसऱ्या धृपदानंतरचे २४ काउंट. खालच्या मजल्यावर खोकला तीन ठिकाणी, वर शांत. शेवटच्या पोझनंतर टाळी अर्धा सेकंद उशिरा, तीन सेकंदांत विरली.' यात मत कुठेच नाही. 'चौथं गाणं लांबतंय' असं लिहिलं तर ते तुमचं निदान झालं आणि पहिल्या आठवड्यात ते कुणाला नको असतं.

काउंटांत लिहायची सवय मुद्दाम लावून घ्या. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत आठ काउंट म्हणजे चार सेकंद, असे चार आठ म्हणजे सोळा सेकंद. नृत्यदिग्दर्शक काटछाट आठाच्या पटीत करतात, म्हणून 'मधे जरा रेंगाळतं' यापेक्षा 'तिसऱ्या आठापासून सहाव्या आठापर्यंत' हे त्यांच्या कामाचं.

जागा रोज बदला. एकदा खालच्या मजल्यावर मध्यभागी, एकदा त्याच मजल्यावर अगदी मागे, एकदा मेझनाइनच्या, म्हणजे वरच्या मजल्याच्या, पहिल्या रांगेत, एकदा टोकाला बाजूला. नाचाच्या रचना वरून उलगडतात. खालून तेच सोळा नर्तक एकमेकांआड जातात आणि पुढच्या काही रांगांना पाय दिसतच नाहीत. वरचे टाळ्या वाजवतात आणि खालचे गप्प, असं सलग तीन प्रयोगांत दिसलं तर बहुधा रांगांमधलं अंतर किंवा तिरका कोन बदलायचा असतो, नाच नव्हे. टॅप असेल तर उलट तपासा. वरचे गप्प असतील तर टॅपचा आवाज तिथवर पोचतोय का, हे आधी ध्वनिविभागाला विचारा.

टाळी का अडते

नृत्याच्या शेवटचा ठसका, ज्याला तिथे सगळे 'बटन' म्हणतात, ही या कामातली सगळ्यात महत्त्वाची जागा आणि नवखा माणूस नेमका तिथेच स्टेजकडे बघत राहतो. बटनवर तीन गोष्टी एकाच क्षणी व्हाव्या लागतात: वाद्यवृंदाचा शेवटचा आघात, नर्तकांची पोझ आणि प्रकाशाचा झटका. यातली एक जरी अर्ध्या सेकंदाने मागे पडली तर प्रेक्षकाला संपलं की नाही ते कळत नाही. हात उचलले जातात, थांबतात, मग दहा-बारा लोक वाजवतात आणि बाकीचे त्यांच्यामागून. कानाला ही टाळी 'बरी' वाटते. तक्रार नाचावर येते आणि दुसऱ्या दुपारी नर्तकांकडून तो शेवट वीस वेळा करून घेतला जातो. खरा दोष प्रकाशाच्या क्यूमध्ये, म्हणजे प्रकाश बदलायच्या इशाऱ्यात, असतो आणि स्टेज मॅनेजरने तो किंचित आधी द्यायचं ठरवलं की काम होतं. म्हणून टाळी कमी पडली की आधी बटन तपासा, मग लय, मग पोझ किती धरली, आणि अगदी शेवटी पावलं.

पोझ जास्त वेळ धरली तर प्रेक्षकाला टाळी मागितल्यासारखं वाटतं. कमी धरली आणि पुढचं संगीत टाळीवर चढलं, तर लोक पुढच्या गाण्यालाही आखडते होतात, कारण एकदा वाजवताना तोंडघशी पडल्यावर दुसऱ्यांदा कुणी घाई करत नाही. संगीत नाटकाच्या 'वन्स मोअर'वर कान तयार झालेल्या मराठी माणसाने इथे जरा सावध राहावं. इथल्या टाळीची लांबी संगीतात आधीच धरलेली असते आणि ती सांभाळून पुढे कधी जायचं हे कंडक्टर ठरवतो.

मध्येच येणारी टाळी, म्हणजे किकलाइनला (ओळीने एकत्र पाय उंच फेकण्याला) किंवा लांबलेल्या गिरकीला, चांगलीच असते असं नाही. ती पुढच्या आठ काउंटांतला तपशील गिळते. त्या आठात कथेची गोष्ट असेल तर ती हरवते.

विनोद हा वेगळाच विषय. १९७५ मध्ये पब्लिक थिएटरात 'अ कोरस लाइन'चे प्रिव्ह्यू चालू असताना एका गाण्याला अपेक्षित हशा येत नव्हता. गाण्याच्या नावातच विनोदाचा शेवट होता आणि ते नाव कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं होतं, त्यामुळे प्रेक्षक तो आधीच वाचून बसलेला. गाणं तसंच ठेवून पत्रिकेतलं नाव 'डान्स टेन, लुक्स थ्री' असं केलं आणि हशा आला. म्हणून पहिल्या दिवशी कार्यक्रमपत्रिका प्रेक्षकाच्या नजरेने वाचा. सभागृहातली पाटी, प्रयोगाआधीच्या घोषणा, दारावरचा इशारा, हे सगळंही त्यातच आलं. हे नाटक नर्तकांच्या निवड-चाचणीचं आहे आणि त्याच प्रिव्ह्यूंमध्ये त्यातल्या कॅसी या नर्तिकेची शेवटी निवड होत नसे. ते प्रेक्षकाला निराश करतं असं मत अभिनेत्री मार्शा मेसन यांनी दिलं आणि शेवट बदलला. पण असा मोठा बदल नव्या नाटकातच शक्य होता. २००६ मध्ये ते शूनफेल्ड थिएटरात पुन्हा आलं तेव्हा १८ सप्टेंबरला प्रिव्ह्यू सुरू होऊन ५ ऑक्टोबरला शुभारंभ होता. संहिता ठरलेली, बेयॉर्क ली यांनी मूळ नृत्यं पुन्हा बसवलेली. अशा निर्मितीत प्रेक्षकाच्या प्रतिसादावर बदलता येतं ते लय, प्रकाश, आवाज आणि पोझचे सेकंद एवढंच.

मध्यंतर असेल तर ती पंधरा मिनिटं सोन्याची. दारूच्या काउंटरजवळ उभे राहा, विचारू नका, ऐका. लोक गाण्याबद्दल बोलतात की जेवायला कुठे जायचं याबद्दल, ते लिहा. दुसरा अंक सुरू झाल्यावर रिकाम्या झालेल्या खुर्च्या मोजा. दोन-चार दर प्रयोगात असतात, त्यांचं मनावर घेऊ नका. मध्यंतर नसलेल्या नाटकात हा आधार मिळत नाही. तिथे तासाभरानंतर स्वच्छतागृहाकडे उठणारे लोक कोणत्या गाण्यात उठतात ते बघा. सलग चार प्रयोगांत एकाच गाण्यात उठत असतील तर ते नैसर्गिक कारण नव्हे.

नोंद कुणाकडे द्यायची

नर्तकाला थेट काहीही सांगू नका, कौतुकसुद्धा नको. 'ती गिरकी काय सुंदर' असं ऐकलेला नर्तक दुसऱ्या दिवशी ती अर्धा ठोका लांबवतो. नोंदी सहनृत्यदिग्दर्शकाकडे, रात्री प्रयोग संपल्यावर, एका पानात. दुपारच्या तालमीत त्यातल्या दोन-तीनच घेतल्या जातील. वाईट वाटून घेऊ नका. एक आठ कापला की कॉपीइस्ट (वादकांची स्वरपानं लिहिणारा) सगळ्या वादकांच्या पानांत बदल करतो, प्रकाशाचे क्यू सरकतात, कपडे बदलायची वेळ कमी होते आणि प्रत्येक स्विंगला, म्हणजे अनेकांच्या जागी उतरू शकणाऱ्या बदली नर्तकाला, अनेक जागांच्या नोंदवहीत तो बदल उतरवावा लागतो. शरीराला जुनी हालचाल पाठ असते. दमलेल्या माणसाकडून रात्री जुनी निघाली की दोन नर्तक एकमेकांवर आदळतात. दुखापती अशा दिवसांतच जास्त होतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात अनुभवी माणसं नाचापेक्षा प्रकाश आणि लयच बदलतात.

शुभारंभाच्या काही दिवस आधी नाटक गोठवतात, कारण समीक्षक शेवटच्या काही प्रिव्ह्यूंनाच येतात. त्यानंतर सूचना बंद.

अमेरिकेत शिकून हे काम करू बघणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दिग्दर्शक-नृत्यदिग्दर्शकांच्या संघटनेचं फाउंडेशन निरीक्षक म्हणून तालमींत बसायची संधी देतं, त्यासाठी अर्ज करावा. एफ-वन या विद्यार्थी-व्हिसावर पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात आणि नाट्यविषयाच्या पदवीला स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांची) वाढीव मुदत सहसा लागू होत नाही, म्हणून ओळखी शेवटच्या सत्रातच करून ठेवा. लिंकन सेंटरजवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७० पासूनचा नाट्यचित्रणांचा संग्रह आहे. आधी वेळ ठरवून आणि अभ्यासाचं कारण देऊन अनेक प्रयोग तिथे पाहता येतात. ज्या नाटकाची नवी निर्मिती चालू आहे त्याचं जुनं चित्रण असेल तर पहिल्या प्रिव्ह्यूआधीच पाहून ठेवा. 'आ' आणि 'न' वेगळं करणं त्याशिवाय जमत नाही.

गोठवल्यानंतरही वही बंद करू नका, फक्त स्तंभ बदला: प्रत्येक अंकाची आणि प्रत्येक मोठ्या नाचाची वेळ, सेकंदांसह. सहा मिनिटांचा नाच दोन आठवड्यांत दहा सेकंदांनी लांबला असेल तर लय सुटतेय किंवा पोझ वाढलीय. कोणती ते स्टॉपवॉच सांगत नाही. त्यासाठी एक रात्र कंडक्टरच्या हाताकडे बघत बसावं लागतं.