नवरा वेगळा राहतोय तोपर्यंत: सरकारी मदतीच्या अर्जाआधीची तयारी

अर्ज भरायला बसण्याआधी एक गोष्ट घरातच ठरवून घ्या. नवरा कामापायी लांब आहे, की कुरबुरी झाल्या म्हणून तुम्ही माहेरी आला आहात, की त्याने संसाराकडे पाठच फिरवली आहे? राजापूर-लांज्यापासून देवगड-मालवणपर्यंत कितीतरी घरांत बाई गावात आणि नवरा मुंबईत असतो. गणपतीला येतो, शिमग्याला येतो. त्याला कुणी वेगळं राहणं म्हणत नाही. अर्जावर मात्र विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता असे ठोक रकाने. ‘सध्या जमत नाही, बघू पुढे’ याला जागा नाही. सेतू केंद्रातला पोरगा रांग हटवायच्या घाईत परित्यक्तावर खूण करू बघतो, तेव्हा त्याला थांबवा. एका बाईने तिथल्या तिथे सुनावलं होतं, “तो कामाक गेलोहा, माका सोडूक नाय.” तिचं बरोबर होतं. स्वयंघोषणापत्रात खोटं लिहिलं तर पैसे परत मागतात, गुन्हाही दाखल होऊ शकतो.

पहिली तयारी मोबाइलची, आणि सगळ्यात जास्त गाडी इथेच अडते. बहुतेकींच्या आधारला नवऱ्याचा नंबर जोडलेला असतो. तुम्ही तालुक्याला केंद्रात बसलेल्या, ओटीपी गेला त्याच्या फोनवर, आणि तो लोकलमध्ये लोंबकळतोय किंवा बोटीवर रेंजबाहेर आहे. तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. बोलणं बंद असेल तर विचारूच नका. म्हणून बाकी कशाच्या आधी आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. त्यासाठी वेगळा कागद लागत नाही, फक्त स्वतः जाऊन अंगठा द्यायचा. शेतीकामाने आणि काजू सोलून बोटांच्या रेषा झिजल्या असतील, मशीन अंगठा घेत नसेल, तर डोळ्यांचं स्कॅन घ्यायला सांगा.

मग बँक. योजनेचे पैसे थेट जमा होतात ते आधारला जोडलेल्या खात्यात, आणि शेवटचं ज्या खात्याला आधार जोडलं, त्यातच. मुंबईत असताना तिकडे उघडलेलं जुनं खातं जोडलेलं राहिलं असेल तर पैसे तिकडे पडत राहतात आणि इथे बाई पासबुक भरून भरून थकते. शाखेत नुसतं “आधार लिंक आहे का” असं विचारू नका, “सरकारी पैसे याच खात्यात येतील असं जोडलंय का” असं विचारा. खातं तुमच्या एकटीच्या नावाचं असावं. दोघांच्या नावाच्या खात्याचं एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आहे, हे तुम्हाला ठाऊकच असेल.

रेशनकार्डाचं काम नाजूक आहे. नाव सासरच्या कार्डावर आणि तुम्ही माहेरी, अशी स्थिती असेल तर रागाच्या भरात नाव कमी करून घेऊ नका. एकदा कमी केलेलं नाव दुसरीकडे चढवायला तहसीलच्या पुरवठा शाखेत खेपा घालाव्या लागतात आणि मधल्या काळात धान्य तुटतं. त्यापेक्षा सोपी वाट आहे. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे सासरचं कार्ड न हलवता माहेरच्या वाडीजवळच्या रास्त भाव दुकानात अंगठा देऊन धान्य उचलता येतं. मुंबईतला नवरा त्याच्या वाट्याचं तिकडे उचलू शकतो. प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर माणशी महिना ५ किलो. अंत्योदयचं कार्ड असेल तर मात्र कुटुंबाला मिळून ३५ किलो. मेख एवढीच की सासूबाईंनी महिन्याच्या सुरुवातीला सगळंच उचललं तर तुमच्या दुकानातलं ई-पॉस मशीन शिल्लक शून्य दाखवतं. दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. कुणी किती उचलायचं ते फोनवर आधीच ठरवा. सासूशी बोलणं नसेल तर नणंदेला, दिराला मध्ये घ्या. आणि कार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झाली आहे का ते बघा. नवऱ्याला त्यासाठी गावी यायची गरज नाही, मुंबईच्या दुकानातही होते. हे कार्ड सांभाळायचं आणखी एक कारण म्हणजे दवाखाना: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार घेताना तेच विचारतात.

लाडकी बहीणसाठी वेगळं राहण्याची अटच नाही. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, तर विवाहितेला १५०० रुपये मिळतात. पण त्या उत्पन्नात नवऱ्याचंही धरतात, तो पैसे पाठवो न पाठवो. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यातून सुटका. केवायसीला नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर मागतात, तेव्हा त्याच्या आधारची झेरॉक्स आजच शोधून ठेवा. लग्नाच्या वेळच्या कागदांत, मुलांच्या शाळेच्या फायलीत कुठेतरी सापडते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना मात्र खऱ्या अर्थाने तुटलेल्या संसारासाठी आहे. घटस्फोटाच्या प्रक्रियेतल्या, घटस्फोट होऊन पोटगी न मिळालेल्या, अशा बायका त्यात बसतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे फारच कमी, आणि राज्यात किमान १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. तलाठ्याकडचा उत्पन्नाचा अहवाल, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, कोर्टात गेला असाल तर दाव्याची प्रत. तलाठी एका सजेत, म्हणजे त्याच्या हद्दीच्या कार्यालयात, बसतो आणि दोन-तीन गावं बघतो. कुठल्या वारी कुठे असतो ते कोतवालाला विचारून मगच एसटी पकडा. एक लक्षात असू द्या, इथले १५०० सुरू झाले की लाडकी बहीणचे मिळत नाहीत. दोन्हींवर डोळा ठेवून अर्ज करू नका.

मुलांचा हिशोब वेगळा ठेवा. एकट्या पालकाच्या मुलासाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. मुलाचा जन्मदाखला आणि शाळेत शिकत असल्याचा बोनाफाइड दाखला लागतोच. शाळा माहेरी बदलणार असाल तर शाळा सोडल्याचा दाखला काढायच्या आधी बोनाफाइडची झेरॉक्स काढा.

आता जिभेला लगाम घालायची जागा. गावकीच्या बैठकीत, नाहीतर पोलीस ठाण्याच्या समेटात “आम्ही राजीखुशीने वेगळे राहतो” असं लिहून द्यायला सांगतात. वाद मिटतो म्हणून बाई सही करते. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, जे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १२५ होतं, परस्पर संमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला पोटगीचा हक्क नाही. मारहाण, दारू, खर्च न देणं, जे खरं कारण आहे तेच कागदावर आलं पाहिजे. पोटगीचा अर्ज तुम्ही जिथे राहता तिथल्या कोर्टात करता येतो, मुंबईला खेटे नकोत. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. मारहाणीची भीती असेल तर कागद राहू देत, आधी १८१ लावा.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या, त्यावर तारीख आणि शिक्का बघा, आणि लगेच फोटो काढा, कारण पावसाळ्यात कपाटातला कागद बुरशी धरतो. नवरा परत आला, संसार पुन्हा एका चुलीवर सुरू झाला, तर तहसीलमधल्या निराधार योजनेच्या शाखेला आपणहून लेखी कळवा. बालसंगोपनचे पैसे येत असतील तर त्या कार्यालयालाही. शेजारणीने कळवलं तर चौकशी लागते आणि घेतलेले हप्ते परत भरायची नोटीस येते.