शेजारच्या शहराचा बंब वेळेत यावा म्हणून आधी काय काय ठरवून ठेवायचं

दोन शहरं एकमेकांना चिकटून असतील तर सगळ्यात आधी नकाशा घेऊन बसा आणि हद्दीवरच्या एकेका वस्तीला जवळचं फायर स्टेशन कुठलं ते बघा, बऱ्याचदा ते शेजारच्या शहराचं निघतं आणि तरी आगीची वर्दी आली की लांबचा बंब निघतो, का तर पत्ता आपल्या हद्दीतला. सोफा, गाद्या, प्लास्टिक भरलेली खोली काही मिनिटांत पूर्ण पेट घेते, तेवढ्यात कोण पोचतंय त्याला महत्त्व, बंबावर नाव कुठल्या पालिकेचं आहे त्याला नाही.

मग मदत कशी मागवायची ते ठरवा. एक प्रकार म्हणजे आपलं बळ कमी पडलं की साहेबांनी फोन करायचा आणि समोरच्यांनी शक्य असेल तेवढं पाठवायचं. दुसरा म्हणजे वर्दी आल्या आल्याच दोन्हीकडच्या गाड्या एकदम सुटतात, कोणी विचारायची वाट बघत नाही. माझं स्पष्ट मत आहे की हद्दीवरच्या वस्त्यांसाठी दुसराच प्रकार ठेवा, कारण मागून घ्यायचं म्हटलं की माणूस "अजून थोडं बघू" करत बसतो. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, मोठ्या आगीत आपल्या सगळ्या गाड्या अडकल्या की बाकीचं शहर उघडं पडतं, तेव्हा शेजारची एक गाडी आपल्या रिकाम्या स्टेशनात येऊन उभी राहील हेही लिहून ठेवा.

करार लेखीच हवा. जवान जखमी झाला तर भरपाई कोण देणार, गाडी मोडली तर दुरुस्ती कोणाची, पहिले किती तास फुकट आणि नंतर खर्च कसा धरायचा, स्वतःच्याच शहरात आग चालू असेल तर नाही म्हणायची मुभा, हे सगळं त्यात आलं पाहिजे, दोन्ही पालिकांच्या सभागृहांत ठराव करून घ्या म्हणजे अधिकारी बदलला तरी करार टिकतो.

आता सामान, इथे खरा घात होतो. १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या बाल्टिमोरला आग लागली, वॉशिंग्टनहून रेल्वेने बंब आणले, माणसं आली, होज म्हणजे पाण्याचे पाइप आले, पण त्यांची कपलिंग, म्हणजे जोडायची तोंडं, तिथल्या हायड्रंटला, म्हणजे रस्त्यावरच्या आगीसाठीच्या नळाला, बसेनात, साधारण ३० तास आग चालली आणि १,५०० च्या वर इमारती गेल्या. त्यानंतर कपलिंगचं मानक ठरलं, तरी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या डोंगरावरच्या आगीत तेच झालं, तिथले हायड्रंट ३ इंची आणि मदतीला आलेल्यांचे होज अडीच इंची, त्या आगीत २५ माणसं गेली. म्हणून करारावर सही व्हायच्या आधी एक दिवस काढा, दोन्हीकडच्या गाड्या समोरासमोर उभ्या करा, एकमेकांच्या हायड्रंटला होज प्रत्यक्ष लावून बघा आणि जे बसत नाही त्याचे ॲडॅप्टर प्रत्येक गाडीत ठेवा, एखाद्या स्टोअरच्या कपाटात कुलूप लावून नाही. श्वसनयंत्राचे सिलिंडर एकमेकांना चालतात का तेही तिथेच बघून घ्या.

वायरलेसचं पण तसंच, एक चॅनल दोघांचा ठेवा आणि त्यावर साधं बोलायचं, कोड नंबर नकोत कारण एकाचा कोड दुसऱ्याकडे भलताच अर्थ देतो. मोबाईलवरून केलेला कॉल टॉवरमुळे शेजारच्या कंट्रोल रूमला लागू शकतो, तिथल्या माणसाने "आमची हद्द नाही, तिकडे फोन करा" म्हणता कामा नये, पत्ता घेऊन कॉल स्वतः जोडून द्यायचा.

जागेवर हुकूम एकाचाच. ज्याची हद्द त्याचा अधिकारी प्रमुख, शेजारचा आधी पोचला तर तो काम सुरू करतो आणि नंतर सूत्रं सोपवतो. १९७० च्या कॅलिफोर्नियातल्या आगींमध्ये अनेक दलं एकत्र आली आणि कोण कोणाचं ऐकणार यातच गोंधळ झाला, त्यातूनच पुढे घटनास्थळी एका प्रमुखाखाली काम करायची पद्धत नीट बांधली गेली. आलेल्या गाडीने थेट आगीत घुसायचं नाही, ठरलेल्या जागी थांबून नोंद करायची, नाहीतर आत कोण आहे तेच कळत नाही आणि जवान हरवतो. न बोलावता आपणहून जाणंही बंद करा, रस्ता अडतो.

ॲम्ब्युलन्सला हाच नियम, जवळची निघेल, फक्त पेशंट कुठल्या हॉस्पिटलला न्यायचा ते आधी ठरलेलं हवं आणि दोन्हीकडच्या हॉस्पिटलांत जागा आहे का ते दोन्ही कंट्रोल रूमना दिसायला हवं.

एकत्र ड्रिल करा आणि काही रात्री करा, शेजारच्या जवानाला आपल्या गल्ल्या, उंच इमारती, केमिकलचे कारखाने, पाण्याच्या जागा अंधारातही सापडल्या पाहिजेत. वर्षातून एकदा हिशोब मांडा, कोण किती वेळा गेलं, किती मिनिटांत पोचलं. लहान शहर जास्त घेतं आणि मोठं जास्त देतं असं व्हायचंच, त्यावरून करार मोडायला निघू नका, लहान शहराकडे ट्रेनिंगला मोकळं मैदान असेल, टँकर असेल, तर परतफेड त्यात धरा.