लहानपणीचे बोल डॉक्टरांपुढे कसे मांडावेत

नैराश्य घेऊन आलेली चाळिशीची बाई डॉक्टरांना झोप, भूक आणि थकवा सांगते. घरात वर्षानुवर्षे झालेला पाणउतारा, भावाशी केलेली तुलना, चूक झाली की आठ-आठ दिवस धरलेला अबोला मात्र सांगत नाही, कारण मारहाण झाली नसल्याने तो छळ होता हे तिला स्वतःलाच मान्य नसते. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नाव असलेल्या 285 मुलींना नवी नावे देण्यात आली. शाळेच्या हजेरीत रोज ते नाव ऐकणाऱ्या मुलीला आपण कुणालाच नको होतो, हे वेगळे सांगावे लागत नव्हते.

मन सतत उदास असणे किंवा कशातच रस न वाटणे, आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडणे, हे दोन आठवडे टिकले तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. जाण्यापूर्वी एका कागदावर लहानपणीची तीन-चार वाक्ये, ती ज्या शब्दांत बोलली गेली त्याच शब्दांत लिहावीत. कोण बोलले, तेव्हा आपले वय काय होते आणि आज भाजी करपली किंवा साहेब रागावले की त्यांतले कोणते वाक्य मनात उमटते, हेही लिहावे. हा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण “मी आहेच बिनकामाची” हे वाक्य आपले नसून कधीकाळी दुसऱ्याच्या तोंडचे होते, हे बहुधा तिथेच प्रथम लक्षात येते. लिहिताना जीव घाबरा झाला तर थांबावे. उरलेले समुपदेशकासमोर बोलता येते.

सोबत आई, सासू किंवा नवरा असल्यास “मला थोडा वेळ एकटीला बोलायचे आहे” असे स्पष्ट म्हणावे. उपचारांविषयीची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला आहे. तोंडातून शब्द फुटत नसतील तर कागदच पुढे करावा. थायरॉईडचा त्रास, बाळंतपण, रजोनिवृत्ती हेही सांगावे, कारण प्रत्येक नैराश्याचे मूळ बालपणातच असते असे नाही.

गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. “आईवडीलच ते, विसरून जा” एवढ्यावर कुणी बोळवण केली तर दुसरा तज्ज्ञ शोधावा. माहेरी जाऊन जाब विचारणे किंवा त्यांना क्षमा करणे, यांपैकी कशाचीही उपचारांसाठी अट नाही. दिवाळीला माहेरी किती दिवस राहायचे, हे आपल्या प्रकृतीकडे पाहून ठरवावे.

जीव नकोसा वाटत असेल तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता जवळच्या माणसाला सोबत बोलवावे आणि टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी सेवा विनामूल्य असून रात्री-अपरात्रीही सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.